दोर कुठं बांधायचा? मामा तलावावरच्या एका बोटीचं प्रकरण

गावात कुठलंही यंत्र अडलं की लोक माझ्याकडं बोट दाखवतात. या वेळी त्यांनी खरीच बोट दाखवली. पर्यटन समितीचे अध्यक्ष आणि मासेमारी संस्थेचे दोन सभासद ओसरीवर येऊन बसले, चहा झाला आणि मग प्रश्न आला: "सर, बोट बदलायची का आहे तिच्यातच काही करायचं?" मी आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिक शिकवण्यात तीस वर्षं घालवली. ट्रॅक्टर, मोटरपंप, थ्रेशर डोळे मिटून उघडीन. बोटीचं इंजिन तोवर तीनदाच उघडलं होतं. नाही म्हणायला हवं होतं, पण ते जमत नाही.

आमचा तलाव गोंदिया जिल्ह्यातला, मालगुजारीच्या, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांच्या काळातला. सरकारी कागदावर 'माजी मालगुजारी'चं 'मा. मा.' झालं आणि लोकांच्या तोंडी मामा तलाव. पाळ, म्हणजे बांध, तलाव बांधणाऱ्या कोहळी समाजाच्या जुन्या कसबाची, पाणी धानाला, मासळी आणि शिंगाडा मासेमारी करणाऱ्या ढिवरांचा. पावसाळ्यानंतर पाणी सव्वा किलोमीटर लांब पसरतं, मे महिन्यात निम्म्यावर येतं. या पाण्यावर समितीनं पर्यटकांसाठी एक बोट घेतली: सोळा फुटी, फायबरची, खालून व्ही आकाराची, पाठीमागं ६० अश्वशक्तीचं चार स्ट्रोकचं पेट्रोल आउटबोर्ड लटकवलेलं, सहा जण बसतील अशी. विकणाऱ्यानं सांगितलं होतं की हिच्यावर स्कीइंगही होतं, म्हणजे बोटीला बांधलेला दोर धरून पायातल्या फळ्यांवर पाण्यावरून घसरत जाणं, आणि पाठीमागची स्टीलची कडी दाखवली होती. कडी होती, एवढं खरं.

चालक ढिवराचा पोरगा, तेविशीतला, गोव्याच्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत बोट चालवण्याचं आणि जीव वाचवण्याचं शिक्षण घेऊन आलेला. त्याची चुलत बहीण कॉलेजच्या कबड्डी संघातली, वजन ५२ किलो. कुणाच्या तरी ओळखीतून पुण्याहून जुन्या स्कींची जोडी आली. चार दिवसांत ती दोन फळ्यांवर उभी राहिली, महिन्याभरात एका फळीवर. तिथवर बोटीची कोणाची तक्रार नव्हती. मग तिला स्लालम, म्हणजे तरंगत्या खुणांना वळसे घालत नागमोडी जाणं, करायचं सुचलं आणि बोट उघडी पडली.

"मी सरळ नेतो म्हणतो सर," चालक म्हणाला, "पण हे तिकडं ओढते अन् बोटीचं तोंड इकडं होते. मधातच जीव गेल्यासारखी बोट बसते. हिला वाटते मीच मुद्दाम करतो."

"मुद्दाम नाही तर का! दादा, तू थ्रॉटल सोडतेस," बहीण म्हणाली.

मुंबईत उद्योग असलेल्या गावच्याच एका माणसानं समितीला शब्द दिला होता की खरी टूर्नामेंटची, म्हणजे स्कीच्या स्पर्धांसाठीच बांधलेली बोट लागत असेल तर तो पैसे उभे करील, फक्त लागते का ते लेखी द्या. तेव्हा मी दिलेलं टिपण म्हणजे हे प्रकरण. कागदावर ते चार पानांत बसलं होतं. इथं थोडं सैल सोडून लिहितो.

आधी पाणी मोजलं

स्लालमचं अंगण ठरलेलं असतं. प्रवेशद्वारापासून बाहेर पडण्याच्या द्वारापर्यंत २५९ मीटर. बोट मधल्या सरळ वाटेनं जाते. ती वाट बोयांच्या, म्हणजे तरंगत्या खुणांच्या, जोड्यांनी आखलेली, रुंदी २.३ मीटर, म्हणजे टूर्नामेंटची बोट जेमतेम मावेल इतकी. स्कीवाल्यानं त्या वाटेच्या दोन्ही अंगांना आलटूनपालटून असलेले सहा बोये बाहेरून वळसा घालून घ्यायचे. हे बोये मधल्या रेषेपासून ११.५ मीटरवर. पहिला द्वारापासून २७ मीटरवर, पुढचे एकमेकांपासून ४१ मीटरवर. दोर सुरुवातीला १८.२५ मीटर. सहा घेतले की बोटीचा वेग ३ किलोमीटरनं वाढतो. पुरुषांना वरची मर्यादा ताशी ५८, स्त्रियांना ५५. त्याच्यावर वेग वाढत नाही, दोर आखूड होतो: १६, १४.२५, १३, १२, ११.२५, १०.७५ आणि पुढं. इथं पाळीवर बसलेल्या एका म्हाताऱ्यानं मला थांबवलं. दोर ११.२५ आणि बोया ११.५ वर, मग पोचते कसं? पोचतं ते माणसाच्या अंगानं. दोर संपतो तिथून पुढचं अंतर पसरलेला हात आणि पाण्यावर जवळजवळ आडवं झालेलं शरीर भरून काढतं. या खेळातली सगळी मजा त्या उरलेल्या अंतरात आहे.

दोन डोंगे, म्हणजे लहान होड्या, घेऊन सप्टेंबरात आम्ही अंगण मांडलं. कुंपणाच्या तारेवर अंतरं मोजून खुणा बांधल्या, तार रेतीच्या पोत्यांनी तळाशी ताणली आणि तिला रबरी चेंडू टांगले. वेग मोजायला यंत्र नव्हतं, तर घड्याळ घेतलं. २५९ मीटर ठरलेले, म्हणजे वेळ हाच वेग. ताशी ५८ ला १६.०८ सेकंद, ४६ ला २०.२७ सेकंद. आमच्याकडं हे समजावून सांगावं लागत नाही. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, जोडी किती सेकंदांत सुटली ते शतांशापर्यंत तोंडपाठ सांगणारी माणसं; पाळीवर तीन-तीन घड्याळं सुरू झाली.

४६ चं लक्ष्य धरून रिकामी बोट २०.४ सेकंदांत गेली. मुलगी दोराला लागल्यावर पहिल्या फेरीत २१.३, दुसऱ्यात २१.९. म्हणजे सरासरी वेग ताशी ४३.८, आणि नंतर ४२.६. ही सरासरी, मधल्या क्षणांत बोट किती बसत असेल याचा अंदाज इंजिनाच्या आवाजावरूनच येत होता.

माझी पहिली चूक

मी इंजिनवाला माणूस. मला रोग इंजिनातच दिसला. ताकद कमी पडते, संपला विषय.

हिशेब तरी केला पाहिजे म्हणून धान मोजायचा लटकता डिजिटल काटा कडी आणि दोर यांच्यामध्ये अडकवला. काटा तुटला तर दोर मोकळा सुटून कोणाच्या तोंडावर येऊ नये म्हणून बाजूनं दुसरा सैल फास ठेवला. मोठ्यात मोठा आकडा निघाला ९६ किलो. ५२ किलोची मुलगी, नवशिकी, आणि ओढ जवळजवळ दुप्पट. दोर बोटीच्या रेषेशी ३० अंशांत असताना ही ओढ धरली तर मागं खेचणारा हिस्सा ८३ किलो होतो. ताशी ४६ ला एवढा भार ओढायचा म्हणजे १४ अश्वशक्ती. बोट ढकलणाऱ्या पाण्यातल्या पंख्यात निम्म्याच्या आसपास ताकद नुसती पाणी घुसळण्यात जाते, तेव्हा इंजिनाला त्या क्षणी २५ च्या आसपास जास्तीची द्यावी लागते. साठाचं इंजिन, बोट आणि दोन माणसं पळवण्यातच त्याचा मोठा भाग खर्ची. उरतंय काय?

पंखा १४ इंची फेकीचा होता, म्हणजे पाणी सरकलंच नाही असं मानलं तर एका फेऱ्यात १४ इंच पुढं. पर्यटकांना वारा लागावा म्हणून दिलेला. ट्रॅक्टरला नांगर लावून चौथ्या गिअरात चालवावं तसं चाललं होतं. भार पडला की इंजिन मिनिटाला ४,८०० फेऱ्यांवर दबून बसे. १२ इंची पंखा मागवला. फेऱ्या ५,५०० वर गेल्या आणि मुलीसकट वेळ २०.५ ते २०.७ च्या मध्ये आली. मी खूश. समिती खूश. मी चहासुद्धा पाजला.

दुसऱ्या दिवशी चालक परत आला. "वेग आहे सर, पण तोंड तसंच फिरते." आणि पाळीवरून पाहिलं तर खरंच, बोट त्या २.३ मीटरच्या वाटेत नागमोडी जात होती; दोन फेऱ्यांत तिनं वाटेचे तीन बोये उडवले. शिवाय मुलीची दुसरी तक्रार माझ्या हिशेबात आलीच नव्हती. मधली लाट ओलांडताना गुडघ्यांना धक्का बसायचा, एकदा तर ती तिथंच तोंडावर पडली. बोट वेळेवर पोचते की नाही एवढंच मी पाहत होतो. तिच्या मागं राहिलेल्या पाण्यात कोणी उभं आहे, हे माझ्या लक्षात येत नव्हतं.

दोरीभोवती बांधलेली बोट

इथं मला टूर्नामेंटच्या बोटीचा अभ्यास करावा लागला आणि खरं सांगायचं तर नंतर मला त्याचा नाद लागला.

पाण्यावरची स्की पहिल्यांदा चालली १९२२ मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटातल्या लेक पेपिन नावाच्या तळ्यावर. राल्फ सॅम्युएलसन नावाचा अठरा वर्षांचा पोरगा. लाकडाच्या फळ्या घेऊन त्यांची टोकं उकळत्या पाण्यात वाकवली आणि भावाला बोट चालवायला लावली. म्हणजे सुरुवात आमच्यासारखीच: जी बोट हाताशी होती तिच्या शेपटीला दोर. पुढं खेळ वाढला तशी खास बोट आली. करेक्ट क्राफ्टनं १९६१ पासून स्की नॉटिक बांधायला घेतली. रॉब शर्ली नावाचा स्की शिकवणारा माणूस हाताशी असलेल्या बोटींवर समाधानी नव्हता. त्यानं १९६८ मध्ये टेनेसीत घोड्यांच्या तबेल्यात स्वतःची बोट बांधली, ती मास्टरक्राफ्ट. तबेल्याची गोष्ट मी समितीला दोनदा सांगितली, कारण नसताना.

या बोटींमध्ये इंजिन पाठीमागं लटकत नाही, बोटीच्या पोटात मधोमध बसतं. तिथून दांडा तिरका खाली उतरतो, तळातून बाहेर पडतो आणि बुडाखाली पंखा फिरवतो. त्याच्या मागं सुकाणू. ही एक गोष्ट ठरली की बाकीच्या आपोआप ठरत जातात. वजन मध्ये आलं, म्हणून बोट नाक वर करून बसत नाही, सपाट पळते. पिछाडी मोकळी झाली, म्हणून दोराला अडथळा नाही, आणि दोराचा खांब इंजिनाला लागून थेट मधोमध, बुटका, बोटीच्या उभ्या कण्यांना पक्का जखडलेला लावता येतो. पंखा बुडाखाली गेला, म्हणून पाण्यात पडलेल्या माणसाजवळ बोट नेताना पिछाडीला फिरतं पातं नाही. आणि बुडाखाली, दांड्याच्या पुढं, धातूची छोटी पाती उभी लावलेली असतात. माशाच्या पोटाखालच्या परासारखी ती पाणी धरून ठेवतात, बोट बाजूला घसरत नाही.

आमच्या बोटीचा रोग इथं सापडला. दोर मधल्या रेषेपासून तिरका असताना ओढीचा एक हिस्सा आडवा असतो. ३० अंशांत निम्मा, म्हणजे आमचे ४८ किलो. कडी अगदी पिछाडीला, बोटीच्या भारमध्यापासून १.६ मीटर मागं. ४८ ला १.६ नं गुणा, ७७ किलो-मीटरचं वळण. मुलगी डावीकडं गेली की शेपूट डावीकडं, तोंड उजवीकडं. चालक ते सावरतो, तोवर ती उजवीकडं निघालेली. नागमोड त्याच्या हातातून येत नव्हती, कडीच्या जागेतून येत होती. टूर्नामेंटच्या बोटीत ही तरफच जवळजवळ काढून टाकलेली असते. जे उरतं ते पाती धरतात. कसलेला पुरुष आखूड दोरावर मुलीच्या कित्येक पट जोरानं खेचतो आणि तरी बोट वाट सोडत नाही, याचं कारण हे.

आता लाट. यात मला सर्वांत जास्त रस वाटला, कारण इथं बोटीला एकमेकांच्या विरुद्ध जाणारी कामं सांगितलेली असतात. स्पर्धेत तीन प्रकार. स्लालमवाल्याला वाटतं, मागं लाट नसलेलीच बरी. ट्रिकवाला छोट्या, बिनपात्याच्या फळीवर २० सेकंदांच्या दोन फेऱ्यांत गिरक्या मारतो, ताशी तीसच्या आसपास. त्याला उडी घ्यायला लाट हवी, आणि तीही घट्ट, स्वच्छ कडेची, फेसाळलेली नको. उडीवाल्याला लाटेपेक्षा वेग टिकणं महत्त्वाचं, तो १.८ मीटरपर्यंत उंच उतारावर चढण्याआधी बाजूनं असा काही तिरका खेचतो की हलकी बोट जागच्या जागी बसेल. तिघांना एकच बोट. गंमत अशी की लाट मंद वेगाला मोठी आणि वेगाला लहान होते. ताशी तीसला बोट नुकतीच पाण्यावर चढत असते, पाणी ढकलत असते; पन्नासच्या पुढं ती पाण्यावरून सरकते आणि मागं लाट लांब, पसरट राहते. म्हणून तोच तळ मंद वेगाला ट्रिकवाल्याला टेबल देतो आणि वेगाला स्लालमवाल्याला सपाटी देतो. हे साधायला बूड पाठीमागं जवळपास सपाट ठेवतात, रुंद ठेवतात. आमच्या बोटीचा खोल व्ही समुद्राच्या किंवा मोठ्या धरणाच्या लाटा कापायला चांगला, पण तो पाणी दोन्ही अंगांना फाडत जातो. नांगराचं तास पाडायचं आणि त्याच तासावरून पोरीला अनवाणी पळ म्हणायचं, असला प्रकार.

तरीही निर्दोष बोट कोणाला जमलेली नाही. दोर १६ मीटरचा झाला की लाटेचा उंचवटा नेमका पायाखाली येतो, ही स्कीवाल्यांची जुनी तक्रार. दोराची लांबी बदलली की तुम्ही लाट वेगळ्या ठिकाणी ओलांडता, आणि सगळ्या ठिकाणी ती सारखीच मऊ ठेवणं कुणाला साधत नाही.

वजनाचंही तसंच. बोट जड असली की खेचलेली जाणवत नाही, वेग टिकतो. पण जड बोट जास्त पाणी बाजूला सारते, लाट वाढते. टूर्नामेंटची बोट सहा मीटरच्या आसपास लांब, हजार किलोच्या वर वजनाची, आणि पोटात मोटारीच्या जातीचं आठ सिलिंडरचं इंजिन, तीनशे किंवा जास्त अश्वशक्तीचं. एवढी ताकद घेऊनही ती फार धावत नाही, सत्तरच्या आसपास थांबते. समितीतल्या एकाला हे पटेना. एवढ्या पैशांत एवढाच वेग? ताकद धावण्यासाठी घेतलेलीच नाही. कोणी मागून झटका दिला तर फरक पडू नये म्हणून घेतलेली आहे. आमच्या इंजिनाला २५ म्हणजे कंबरडं मोडणं. तिला तेवढे खिजगणतीत नाहीत.

तरी झटका लागतोच, आणि तो सावरायला आधी चालकाचा पाय-हात आणि काठावरचं घड्याळ असे. वेगमापक म्हणजे पाण्यात धरलेली बारीक नळी. तिच्यात गवताची काडी अडकली की खोटं बोलायची. नव्वदच्या दशकात परफेक्ट पास नावाची यंत्रणा आली, इंजिनाच्या फेऱ्या सांभाळणारी. पुढं झीरो ऑफ आली, उपग्रहांवरून प्रत्यक्ष वेग मोजून थ्रॉटल स्वतः हलवणारी. तिच्यात ए, बी, सी अशी अक्षरं आणि १, २, ३ असे आकडे निवडता येतात. स्कीवाला खेचतो तेव्हा इंजिनानं किती लवकर आणि किती जोरानं उत्तर द्यायचं ते त्यावरून ठरतं. एकाला बोट लगेच ताणणारी आवडते, दुसऱ्याला जरा दमानं. म्हणजे दोर कसा वागावा हेही आता सांगता येतं. "थ्रॉटल सोडतेस" हे भांडण तिथं मिटलं.

काय केलं

आधी दुसरी चूक सांगतो. दोर उंचावर बांधला तर मुलीला वर उचलून धरील म्हणून मी पिछाडीलाच सव्वा मीटरचा खांब उभा केला. तोंड फिरणं तसंच राहिलं, वर बोट कलायला लागली. पहिल्याच वळणावर मुलीवर लक्ष ठेवायला निरीक्षक म्हणून बसलेला पोट्टा ओरडला, "बाप्पा, उलटते का काय!" खांब त्याच दिवशी कापला.

खांब मधोमध आणायचा तर आउटबोर्डचं डोकं आड येतं. दोर इंजिनावरून गेला पाहिजे, म्हणजे उंच, म्हणजे पुन्हा कलणं. ही गाठ पूर्ण सुटत नाही. मधली इंजिनं लोकांनी हौसेनं शोधली नाहीत, ते मला तेव्हा कळलं. तडजोड म्हणून पिछाडीपासून ६० सेंटीमीटर पुढं, इंजिनाच्या डोक्यावरून जेमतेम दोर जाईल एवढी तिकोनी चौकट बसवली. नुसत्या फायबरच्या तळात बोल्ट मारले असते तर तळ तडकला असता. तेव्हा पाय दोन्ही कडांना आणि पिछाडीच्या जाड फळीला, मागं रुंद पट्ट्या देऊन. वेल्डिंग साकोलीत केलं. तरफ १.६ ची १ मीटर झाली, वळण ७७ चं ४८. पूर्ण गेलं नाही, पण चालकाच्या हाताला झेपेल इतकं झालं.

पेट्रोलची टाकी आणि बॅटरी पुढं नेली, नाकात वीस-वीस किलोची रेतीची दोन पोती ठेवली, निरीक्षकाला पुढच्या बाजूला, मागं तोंड करून बसवलं. पर्यटकांच्या मागच्या दोन सीट काढल्या. बोट सपाट बसली. खुणा केलेला बांबू रोवून लाट मोजली: ४६ ला आधी वीतभर होती, आता चार बोटांच्या थोडी वर. आकार बदलला नाही, व्ही तो व्हीच, पण कड मऊ झाली. आणि दोर बदलला. आधी मासेमारीचा नायलॉन वापरत होते, तो रबरासारखा ताणतो. मुलीनं मूठ सोडली की ती बोटीकडं झेपावायची. स्कीचा, कमी ताणला जाणारा दोर आणला. या सगळ्यात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत आधी करायला हवी होती अशी गोष्ट हीच.

पाती लावायची का, यावर दोन संध्याकाळी वाद झाला. मी अॅल्युमिनियमची पाती कापून ठेवली होती. मासेमारी संस्थेच्या म्हाताऱ्या सभासदानं एकच विचारलं: "जाळं कोण सोडवीन जी?" पाती घरी भिंतीला टेकून आहेत.

मोठ्या बोटीचं काय

तेच जाळं मोठ्या बोटीच्या प्रश्नालाही लागू होतं. आउटबोर्डचा पाय पाण्यातून वर उचलता येतो. टूर्नामेंटच्या बोटीचा दांडा, पंखा, सुकाणू, पाती सगळं बुडाखाली कायमचं. सुमारे दोन फूट पाणी तिला नुसतं तरंगायलाच लागतं. आमच्याकडं तळाशी बेशरमाची झुडपं, तुटलेली जाळी, उन्हाळ्यात वर येणारे खुंट. इंजिन थंड ठेवायला ती तलावाचंच पाणी ओढते. जलपर्णीची मुळं त्या तोंडात गेली की मे महिन्याच्या उन्हात आठ सिलिंडर किती वेळ टिकतील? मागं घेताना तर सुकाणू जवळपास ऐकतच नाही, कारण पंख्याचं पाणी सुकाणूवर न पडता पुढं जातं. शेपूट आपल्या मर्जीनं एका बाजूला सरकतं. आउटबोर्डला हात बसलेला आमचा चालक पहिल्या आठवड्यात घाटाची पायरी फोडील. नवी बोट अमेरिकेतच लाख डॉलरच्या घरात, वर आयात. आणि पुढचा सुटा भाग तालुक्याला मिळणार नाही, हे मी ट्रॅक्टरच्या अनुभवावरून शपथेवर सांगतो.

पाण्याचाही दोष आहे. तिकडं स्कीसाठी खास खोदलेली लांबट तळी असतात, काठ मुद्दाम उताराचे, लाट चढून विरून जावी म्हणून. आमची पाळ दगडी अस्तराची, उभी. गेलेली लाट परत येते. उत्तम बोट आणली तरी तिसऱ्या फेरीपासून मुलगी आपल्याच जुन्या लाटांवर स्की करणार.

टिपणात लिहून दिलं: बोट नको. त्या पैशांतला छोटा हिस्सा जॅकेट, दोर, पक्के बोये आणि काठाच्या एका भागाला मातीचा उतार यासाठी द्या. आणि दोघांना महिनाभर कुठं खऱ्या स्की-बोटीमागं शिकायला पाठवा, म्हणजे आमची बोट कुठं खोटं बोलते ते त्यांना कळेल. अध्यक्षांचा चेहरा उतरला. त्यांना उद्घाटनाला लाल-पांढरी बोट हवी होती, आणि मुंबईकरालाही शेडखाली उभं राहून फोटो काढण्यासारखं काही हवं असणार. त्यांना दोष देत नाही. मातीच्या उताराची फीत कोण कापतो?

शिंगाड्याचे वेल पाण्याच्या हलण्यानं उचकटतात, ही संस्थेची तक्रार खरी निघाली. म्हणून अंगण त्या टोकापासून हलवलं, वेळ सकाळी साडेसहा ते आठ ठरली. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पूर्ण बंद, थंडीत पाहुणे पक्षी उतरतात. यावर वाद झाला नाही.

मार्चमध्ये पुन्हा बोट काढली. ४० ला मुलगी सहाही बोये घेते. ४६ ला परवा चार घेतले, पाचव्याला दोर सैल पडला आणि ती बसली. वेळ २०.४. चालकानं वाटेचा एकही बोया उडवला नाही. वर येऊन तिनं पहिला प्रश्न मला विचारला, दादाला नाही: लाट तिसऱ्या फेरीला मोठी का वाटते? मी पाळीला बांधलेल्या डोंग्यांकडं पाहिलं. बोट जाऊन बराच वेळ झाला होता आणि ते अजून एकमेकांवर आदळत होते. घड्याळ लावून पाहिलं, डोंगे थांबायला तीन मिनिटं. आता दोन फेऱ्यांच्या मध्ये बोट तेवढा वेळ बंद करून उभी ठेवतात.